वेदीखालचं मडकं

मी भांडी धुते. स्वैपाकाची नव्हेत, ती आता सून धुते. मी धुते ती दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी फोडून टाकलेली. वर डोंगरावर खदिरच्या पडक्या चर्चमध्ये खणतात, खापऱ्यांच्या बादल्या खाली येतात, आणि मी अंजिराच्या सावलीत टब घेऊन बसते आणि दात घासायच्या ब्रशनं एकेक खापरी घासते. वाळल्या की प्रत्येकीवर काळ्या शाईनं बारीक नंबर घालते. अकरा उन्हाळे झाले. शाळा सहावीत सुटली, पण अक्षर चांगलं राहिलं, त्यामुळं शाईचं काम डॉक्टरबाई दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

डॉक्टरबाई म्हणजे डॉक्टर ब्रिगिट. बाई भली. आमची भाषा ती पुस्तकातून शिकली, म्हणून बोलते ते उपदेशासारखं. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "उम्म सलीम, कृपया ही पात्रे सावकाश प्रक्षालित करावीत." मी म्हटलं, बाई, धू म्हण, धुते.

उम्म सलीम म्हणजे सलीमची आई. बाईला पहिला मुलगा झाला की तिचं स्वतःचं नाव गेलंच म्हणायचं, थोरल्याच्या नावानंच तिला हाक मारतात. माझी सासू हिल्वे, पण हिल्वे म्हणणारं आता कुणी जिवंत नाही. ती उम्म जिरिस. जिरिस माझा नवरा. तिला मी खालती म्हणते, म्हणजे मावशी, कारण सासूला सासू म्हणून कुणी हाक मारत नाही, निदान तोंडावर तरी.

आमचं गाव ऐन लोझ. यरुशलेमहून उत्तरेकडं जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बस, तपासणी नाक्यावर अडकल्या नाहीत तर, आमच्याकडं थांबतात. शौचालयासाठी. लोक वीस मिनिटं उतरतात, रांग लावतात, आणि रांगेत उभे असताना जिरिस त्यांना खदिरची गोष्ट सांगतो. खदिर म्हणजे संत जिरिस, घोड्यावर बसून अजगराला भाला मारणारा. गावात दर तिसऱ्या घरात एक जिरिस आहे तो त्याच्याचमुळं. गोष्ट संपली की माझा नवरा आपल्या दुकानातले ऑलिव्हच्या लाकडाचे उंट पुढं करतो. लोक पाण्याची बाटली घेतात आणि बसमध्ये चढतात.

तर त्या उन्हाळ्यात, जुलैतल्या एका मंगळवारी, वेदीच्या जागी एक फरशी उचलली आणि खाली मडकं निघालं. तोंडावर चपटा दगड. आत माती, मातीच्या वरच मातीचा छोटा दिवा, आणि दिव्याच्या बाजूला अंड्याच्या टरफलाएवढी पातळ कवटी. तान्ह्या बाळाची.

डॉक्टरबाई धावत खाली आल्या. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं.

दिव्याभोवती ग्रीक अक्षरं होती. असे दिवे इकडं खूप सापडतात, मी स्वतः शंभरेक धुतले असतील: ख्रिस्ताचा उजेड सगळ्यांसाठी, असं त्यावर लिहिलेलं असतं. चौदाशे वर्षांपूर्वी यात्रेकरू ते घरी घेऊन जायचे. डॉक्टरबाईंचा हिशोब सरळ होता. दिवा तेव्हाचा, म्हणून मडकं तेव्हाचं, म्हणून बाळही तेव्हाच ठेवलेलं. मडकं चाकावरचं नव्हतं, हातानं थापलेलं होतं, ते त्यांना जरा खटकलं. पण गावठी भांडं कुठल्याही काळात असतं. फरशी एकदा हललेली दिसत होती, पण भूकंपानं इकडं सगळंच हललंय. आणि जुन्या काळी वेदीखाली पुरत कुणाला? हुतात्म्यांना. मग वेदीखाली बाळ म्हणजे, कदाचित, येशूच्या जन्माच्या वेळी हेरोद राजानं बेथलेहेमात मारलेल्या बाळांपैकी एखाद्याची अस्थी म्हणून कुणीतरी श्रद्धेनं आणून ठेवलेली.

डॉक्टरबाई 'कदाचित' म्हणाल्या होत्या. आमच्या अबूना बूलसांनी, म्हणजे पाद्रीबाबांनी, तो 'कदाचित' डोंगरावरच ठेवला आणि बाकीचं सगळं गावात आणलं.

बुधवारी सकाळी गावाला दुसरा विषय नव्हता. अबूनांनी बिशपना फोन केला, रविवारी मिरवणूक ठरली. त्यांनी खणणाऱ्यांच्या तंबूत जाऊन मडक्यापुढं धूप घातला, मेणबत्त्या लावल्या, गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. जिरिस तर हवेतच होता. बैत सहूरच्या लाकूडकोऱ्याला फोन करून त्यानं विचारलं, पाळण्यातलं बाळ कोरून देशील का, बोटाएवढं. मला म्हणाला, "आता बस शौचालयासाठी थांबणार नाही, बघच तू!"

"मग एवढ्या लोकांना दुसरं शौचालय कुठं बांधणार आहेस? एवढं एकच तर आहे," मी म्हटलं.

"तुला कौतुक कशाचं म्हणून नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच आहे.

मडकं आतल्या मातीसकट तसंच ठेवायचं, शनिवारी विमानानं डॉक्टरबाईंच्या देशातल्या प्रयोगशाळेत न्यायचं आणि तिथं उघडायचं असं ठरलं. परवानगी आली होती. त्याआधी फोटोसाठी बाहेरून स्वच्छ करायचं, पाणी न लावता, कोरड्या ब्रशनं. ते काम अर्थातच माझ्याकडं आलं.

गुरुवारी सकाळी मी तंबूत एकटीच होते. मडक्याला एकच कान होता. कानाखाली, जिथं ओली माती दाबून चिकटवतात तिथं माती भरली होती. ती मी ब्रशनं काढली आणि थांबले. बोटांचे तीन खळगे होते आणि त्यांच्या शेजारी चौथा, अर्धा.

तो खळगा मी ओळखते. माझ्या स्वैपाकघरात ऑलिव्ह मुरवायची दोन मडकी आहेत, दोन्हींच्या कानाखाली हेच आहे. सासू तरुणपणी मडकी थापायची. तेव्हा गावातल्या पुष्कळ बाया थापायच्या. आणि तिची उजवी करंगळी लहानपणी विळ्यानं अर्धी गेलेली.

ब्रश खाली ठेवला आणि बाहेर येऊन अंजिराखाली बसले. अकरा वर्षं मी परक्यांची घरं धुतली होती, कुणाची चूल, कुणाचं न्हाणीघर, मला काही वाटलं नाही. आता वाटलं. भीती वाटली, आणि लाज वाटली, कारण चौतीस वर्षं त्या बाईच्या घरात राहून मला काहीच माहीत नव्हतं.

तसं म्हणायला माहीत होतं. सगळ्याच बायांना माहीत असतं. आमच्या आयांच्या काळात बाप्तिस्म्याआधी बाळ गेलं तर त्याला कबरस्तानात जागा नसे. त्याला तेल लागलेलं नाही, नाव मिळालेलं नाही, वहीत नोंद नाही. मग आई डोक्यावर मडकं घेऊन निघे, जणू पाण्यालाच चालली आहे, आणि डोंगरावर खदिरकडं जाई. वाटेत भेटणारी बाई काही विचारत नसे. घरी आल्यावरही कुणी विचारत नसे. ही रीतच होती. आता अबूना असं करत नाहीत, बाळ दवाखान्यात असतानाच येऊन बाप्तिस्मा देतात. पण तेव्हा होतं तसं.

दुपारी घरी गेले. सासू ओसरीवर अंजिरं वाळत घालत होती. वय ब्याऐंशी, डोळे तल्लख, जीभ त्याहून.

"आज लवकर कशी?" ती म्हणाली. "मेलेल्यांची भांडी संपली का?"

"खालती," मी म्हटलं, "वर जे मडकं सापडलंय ना..."

तिनं हातातलं अंजीर ताटात ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं की मंगळवारपासून ती धड जेवलेली नाही. मला वाटलं होतं उन्हाळ्यानं असेल.

"दिवा होता त्यात?" तिनं विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं. अंजिरांवर माश्या बसत होत्या, त्या ती हाकलत होती.

"मी अठरा वर्षांची होते," ती म्हणाली. "त्या वर्षी बर्फ पडला होता. दुसऱ्या दिवशी गेला. रडलासुद्धा नाही धड. अबूना, तेव्हाचे ते, त्यांच्या दारात गेले मी, बाळंतीण, अनवाणी. आतून म्हणाले, नाव नाही, तेल नाही, मी कुणाला पुरू? दार उघडलं नाही त्यांनी. माझी सासू म्हणाली, मडकं घे. मी माझंच घेतलं, त्या वर्षी थापलेलं सगळ्यांत चांगलं."

"आणि दिवा?"

"नांगरताना सापडला होता शेतात. असले दिवे सापडायचेच. माझ्या चुलत सासऱ्यांना ग्रीक यायचं, चर्चमध्ये गायचे ते. त्यांनी वाचून दाखवला होता. ख्रिस्ताचा उजेड सगळ्यांसाठी." ती माझ्याकडं वळली, रागानं, जणू त्या दारामागं मीच होते. "सगळ्यांसाठी म्हटलंय ना? मग बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असं काही लिहिलंय का त्यात? तू एवढे धुतलेस, तूच सांग."

"नाही लिहिलेलं, खालती."

"म्हणून ठेवला. अंधारात कसा टाकू त्याला?"

मग ती पुन्हा अंजिरं लावू लागली. मी तिला सांगितलं की शनिवारी त्याला नेणार आहेत. कुठं, तर विमानानं. किती दिवस, तर दोन वर्षं तरी. आणि मग, अबूना म्हणतात, काचेच्या पेटीत ठेवायचा, लोक दर्शनाला येतील.

"अबूनांनी धूप घातला म्हणे त्याच्यापुढं?"

"घातला. गुडघे टेकले."

तिच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. हसू नव्हतं ते. "बघ," ती म्हणाली. "चौसष्ट वर्षं लागली."

मला वाटलं, आता ही म्हणणार, राहू दे गप्प, होऊ दे माझ्या लेकराला संत. खोटं कशाला सांगू, मलाही वाटत होतं की तिनं तसं म्हणावं. जिरिसचं दुकान चाललं असतं, डॉक्टरबाईंचं नाव झालं असतं, सासूची लाज झाकलेली राहिली असती, आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"मी दोन वर्षं टिकणार आहे का?" ती म्हणाली. "आणि काचेच्या पेटीत तो कोण असेल? बेथलेहेमच्या कुठल्या तरी बाईचा. मी त्याला माझ्या हातानं दिलाय, खदिरच्या पदरात. दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. मला तो परत तिथंच पाहिजे. उद्या वर जायचं."

"मी सांगते डॉक्टरबाईंना. तुम्ही कशाला एवढं चढता?"

"तेव्हा चढले होते ना? मग?"

शुक्रवारी सकाळी ती चढली. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, दर वीस पावलांवर थांबून, आणि थांबलं की मला शिव्या देत, मी फार हळू चालते म्हणून. वर रस्त्यालगतच्या दुकानात जिरिस बाटल्या बर्फात लावत होता. आईला बघून त्याच्या हातातली बाटली पडली.

"आई! वेडबीड लागलंय का? उन्हात कुठं?"

"तूपण ये," ती म्हणाली.

तंबूत डॉक्टरबाई आणि अबूना बूलस टेबलाशी होते. मधोमध मडकं. अबूना मिरवणुकीचा रस्ता कागदावर काढत होते. सासू स्टुलावर बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "ते बाळ माझं आहे."

मग अबूना मऊ आवाजात म्हणाले, "उम्म जिरिस, ऊन लागलंय तुम्हाला. पाणी घ्या."

"अबूना, तुझ्या बाप्तिस्म्याचा गहू मी शिजवलाय. मला ऊन शिकवू नकोस." तिनं उजवा हात पुढं केला आणि मडक्याच्या कानाखाली नेला. बोटं संधिवातानं एवढी सुजली आहेत की तीन खळग्यांत ती बसली नाहीत. अर्धी करंगळी तेवढी बसली.

डॉक्टरबाईंनी वाकून पाहिलं. बाई कर्तव्याला पक्की. म्हणाली, "आदरणीय माते, प्राचीन काळीही एखाद्या कुंभारणीचे बोट तुटलेले असू शकते."

"हो ना!" जिरिस म्हणाला. तोवर त्याला नीट काही कळलंच नव्हतं, फक्त दुकान बुडतंय एवढं दिसत होतं. "बोटं काय, कुणाचीही तुटतात!"

सासूनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तळाशी बघा," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "गुंडाळलेल्या कापडाला निळा मणी लावला होता, दृष्ट लागू नये म्हणून. पिनेनं लावलाय. दुसऱ्याच दिवशी गेला तो, पण मणी मी काढला नाही."

डॉक्टरबाईंनी परवानगीचा कागद पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं की उघडायचं ते प्रयोगशाळेत. उघडलं आणि म्हातारी चुकीची निघाली तर त्यांचं सगळं काम बिघडणार होतं. मग त्यांनी बांबूची काडी घेतली, मला चाळणी धरायला सांगितली, आणि फोटो काढत काढत चमचा-चमचा माती काढायला लागल्या. दोन तास गेले. मध्ये चहा आला तो कुणी घेतला नाही. लहान लहान हाडं एकामागून एक कापसावर ठेवली गेली, आणि सासू प्रत्येकाकडं बघत होती, हात मांडीवर ठेवून. एकदाच म्हणाली, "हळू, बाई."

तळातली माती माझ्या चाळणीत पडली. निळा मणी. आणि त्याला चिकटलेली गंजकी सेफ्टी पिन.

"रोमनांकडंही असल्या पिना होत्या!" जिरिस ओरडला. "डॉक्टरबाईंनीच मला सांगितलंय, गेल्या वर्षी!"

"होत्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पिन चिमट्यानं उलटी केली, ब्रश फिरवला, भिंग धरलं. पिनेच्या टोपीवर कारखान्याची ठशाची अक्षरं होती. त्यांनी ती कापसावर ठेवली, भिंगही ठेवलं, आणि सासूसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या आमच्यासारखं बोलल्या.

"चुकले मी, खालती," त्या म्हणाल्या. "माफ करा."

"तुझं काय चुकलं? दिवा जुनाच आहे," सासू म्हणाली.

अबूना उभे होते ते खाली बसले. मिरवणुकीचा कागद त्यांनी घडी घालून खिशात टाकला. माणूस वाईट नाही, उतावळा आहे. मग म्हणाले, "कबरस्तानात जागा देतो. मी स्वतः सगळा विधी करतो, पूर्ण. आज, आत्ता."

"विधी कर," सासू म्हणाली. "जागा नको. जिथं होता तिथंच ठेव."

डॉक्टरबाई म्हणाल्या, ठेवू. मात्र जे परत पुरायचं त्याची नोंद त्यांना करावी लागते, मडक्यावर शाईनं खूणही घालावी लागते, म्हणजे पुढं कधी कुणी खणलं तर पुन्हा हीच चूक होऊ नये. अबूनांनाही वहीत लिहायचं होतं. दोघांनी एकदमच विचारलं, नाव काय लिहू?

"नाव ठेवलंच नसेल ना," जिरिस म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. तो मडक्याकडं बघत नव्हता, आईकडं बघत होता. "बाप्तिस्मा नाही, म्हणजे नाव कुठलं?"

"जिरिस," सासू म्हणाली.

"काय, आई?"

"तुला नाही हाक मारली. त्याचं नाव सांगतेय. खदिरच्या पदरात घातला, म्हणून खदिरचंच नाव दिलं, तिथंच, फरशी सरकवताना. वर्षानं तू झालास तेव्हा सगळे म्हणाले, काय ठेवायचं. मी म्हटलं, जिरिस. दुसरं नाव ठेवलं असतं तर लोकांनी मला त्या दुसऱ्याच नावानं हाक मारली असती. मी उम्म जिरिस तुझ्याआधी वर्षभर होते. एवढंच की कुणी हाक मारत नव्हतं."

माझा नवरा त्रेसष्ट वर्षांचा आहे, केस पिकलेत, आणि तो एखाद्या पोरासारखा उभा होता, कोरडेच हात पुन्हा पुन्हा पँटला पुसत. मला त्याची दया आली. सासूचीही आली, पण तिला ती दाखवायची हिंमत माझ्यात नाही.

हाडं कापसासकट परत आत गेली, मणी पिनेसकट, वरून माती, मातीवर दिवा. दिव्यासाठी डॉक्टरबाईंनी एक शब्दही काढला नाही. मग त्यांनी शाईची बाटली आणि बारीक टाक माझ्यासमोर ठेवला.

अकरा वर्षांत मी हजारो नंबर घातलेत, नाव एकही नाही. मी मडकं मांडीत घेतलं, कानाखाली, त्या खळग्यांच्या जवळ, जागा पुसली. जिरिस येऊन माझ्या मागं उभा राहिला.

"नीट लिही," तो म्हणाला. "थोरला आहे तो माझा."